पावसाळ्यात एअर लाइनमधलं पाणी: डिचोलीच्या आमच्या वर्कशॉपचा अनुभव

डिचोलीजवळ आमचं लाकडी फर्निचरचं वर्कशॉप आहे. दारं, कपाटं, देव्हारे आणि हल्ली किचनची शटरं. बाबांनी घरामागच्या पडवीत सुरू केलेलं काम 2023 मध्ये आम्ही भाड्याच्या शेडमध्ये नेलं. शेडसोबत आधीच्या भाडेकरूचा, हवा दाबून टाकीत भरणारा कंप्रेसरही घेतला: पाच एचपी, टू स्टेज, अडीचशे लिटरची टाकी. त्या हवेवर ब्रॅड गन (बारीक खिळे मारायची), स्टेपलर, सँडर (लाकूड घासायचा) चालतात. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आधी बाहेर द्यायचो, ते जानेवारी 2025 पासून आम्हीच करायला घेतलं आणि स्प्रे गनही त्याच हवेच्या पाइपांवर, म्हणजे लाइनवर, आली. यंत्रं भाऊ बघतो. ऑर्डरी, हिशेब आणि कागदपत्रं माझ्याकडे. त्यामुळे हे सगळं प्रकरण बरंचसं माझ्याच गळ्यात पडलं.

कंप्रेसरच्या लाइनमधल्या पाण्याबद्दल मी शोधायला लागले तेव्हा जे सापडलं ते एकतर मोठ्या कारखान्यांसाठी होतं, नाहीतर थंड, कोरड्या देशातल्या लोकांनी सांगितलेलं. कोकण-गोव्यातल्या जुलैत, भाड्याच्या शेडमध्ये, बेताच्या पैशांत काय करायचं हे एका जागी मिळालं नाही. म्हणून झालं ते क्रमानं लिहून ठेवते.

2025 चा पाऊस मे महिन्यातच आला. तोवर आमचं पॉलिश छान निघत होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका किचनच्या पांढऱ्या शटरांवर टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे दिसायला लागले. पॉलिशवाला म्हणाला, “फिश आय आहेत ताई. एकतर तेल आहे, नाहीतर पाणी.” घासून पुन्हा मारलं. सकाळी मारलेली शटरं काचेसारखी आली, दुपारी मारलेल्यांवर पुन्हा तेच, वर बारीक बुडबुडेही. गन मध्येच फुर्र करून थुंकायची. तिकडे ब्रॅड गन अडखळायला लागली. उघडली तर आत तपकिरी चिखल आणि घातलेलं तेल धुऊन गेलेलं.

पीयूला पाण्याचं वावडं का, ते तेव्हाच कळलं. दोन भागांच्या पीयूतलं हार्डनर बेसशी जुळायच्या ऐवजी पाण्याशी जुळतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तोच थराखाली अडकून बुडबुडे येतात. म्हणजे थेंब दिसलाच पाहिजे असंही नाही, अगदी बारीक तुषारसुद्धा पुरतात.

रंगाच्या दुकानात सांगितलं की गनच्या मुठीखाली छोटा फिल्टर लावा. लावला, साडेतीनशे रुपये. मग कुणी म्हणालं भिंतीवर मोठा एफआरएल लावा, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल टाकणारा ल्युब्रिकेटर एकत्र. त्यातलं ल्युब्रिकेटर पॉलिशच्या लाइनवर चालतच नाही, तेल थेट लाकडावर येतं. म्हणून फक्त फिल्टर-रेग्युलेटर आणला, अठराशेला. त्याच्या वाटीत पाणी जमायचं, आम्ही सोडायचो, आणि तरी दुपारी गन थुंकायचीच. भावानं एक सोपी चाचणी सुरू केली, ती कुणालाही करता येईल. गन रिकामी ठेवायची, कामाच्या दाबावर मिनिटभर नुसती हवा स्वच्छ काचेवर मारायची आणि काच उजेडात तिरकी धरायची. सकाळी नऊला काच कोरडी. अकरानंतर, सँडर तासभर चालल्यावर, काचेवर बारीक दव आणि त्यात तेलाचा रंगीत तवंग. ही चाचणी कंप्रेसर गरम असतानाच करा. थंड कंप्रेसरवर सगळं आलबेलच दिसतं.

माझा आतेभाऊ कुंडईला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. जूनच्या एका रविवारी तो तापमान मोजायची बंदूक घेऊन आला. टाकीतून निघणारा पाइप पन्नास अंशांच्या वर होता आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पॉलिश चालतं तिथे, तेहतीस. “अगं, तुझा फिल्टर बिचारा काय करणार? त्याच्यापर्यंत पाणी वाफ होऊन येतंय. फिल्टर पाणी पकडतो, वाफ नाही पकडत. ती त्याच्यातून निघून जाते आणि पुढे होजमध्ये गार होऊन पाणी होते.”

मग त्यानं प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीनं हिशेब मांडला. तो इथे देते, कारण त्यानंतरच्या सगळ्या खर्चाचं उत्तर त्यात होतं.

तीस अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त साधारण 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. पावसाळ्यात आर्द्रता 85 टक्के धरली तर त्यात 25-26 ग्रॅम आधीच असतं. कंप्रेसर 7 बारला (बार म्हणजे दाबाचं माप; बाहेरच्या हवेचा एक बार काट्यात धरलेला नसतो) आठ घनमीटर हवेचा एक घनमीटर करतो. आठ घनमीटरांचं पाणी झालं दोनशे ग्रॅमच्या वर, आणि त्या एका घनमीटरची धरायची ताकद मात्र तीस अंशांना तीच, 30 ग्रॅम. उरलेलं पाणी पडणारच. हवा दाबणं म्हणजे ओला पंचा पिळणं. आमचा कंप्रेसर दिवसाचे आठ तास अर्धा वेळ जरी भरत असला, तरी रोज अडीच लिटरच्या आसपास पाणी निघायला हवं. मला हे खरं वाटेना. टाकीखालचा कॉक उघडून पाणी डब्यात घ्यायला लागलो. दुपारी आणि संध्याकाळी मिळून लिटरभराच्या वर गढूळ, दुधट, तेलकट पाणी निघायचं. उरलेलं लाइनमध्ये जात होतं.

आता पन्नास अंशांचं बघा. त्या तापमानाला एक घनमीटर हवा 80 ग्रॅमच्या वर पाणी धरते. टाकी गरम झाली की ही सगळी वाफ टाकीत न पडता पुढे निघते, आणि पाइपात-होजमध्ये तीस-तेहतीसपर्यंत गार होता होता त्यातलं पन्नासेक ग्रॅम पाणी होऊन पडतं, नेमकं गनजवळ. सकाळी टाकी गार असते, पाणी टाकीतच पडतं, म्हणून सकाळचं काम चांगलं. तेव्हा पहिलं काम फिल्टरचं नाही. पहिलं काम हवा गार करण्याचं, आणि पाणी आपल्याला हवं त्या जागी पाडून घेण्याचं. फिल्टर त्याच्या पुढे.

आतेभावानं आणखी एक गोष्ट दाखवली. कंप्रेसर हवा ओढत होता तो पॉलिशच्या कोपऱ्यालगत, पत्र्याखाली, जिथे सगळ्यात दमट आणि गरम हवा साचते. शिवाय सबंध लाइन पीव्हीसीची होती, आधीच्या भाडेकरूनं घातलेली, आणि अगदी लेव्हलमध्ये. “ही आधी काढ. पाण्याचा पाइप फुटला तर गळतो. हवेचा पीव्हीसी पाइप फुटला तर त्याच्या कपच्या उडतात.” उन्हात आणि गरम हवेत पीव्हीसी आणखी कमकुवत होतो. घरच्या नळाचा उरलेला पाइप म्हणून अनेक गॅरेजांत तो सर्रास दिसतो. तुमच्याकडे असेल तर बाकी काही करा न करा, तो आधी बदला.

जूनच्या मध्यावर मी ड्रायरची कोटेशनं मागवायला घेतली. इथे जरा थांबते, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो.

आमच्यासारख्यांपुढे दोनच प्रकार येतात. पहिला रेफ्रिजरेटेड ड्रायर. फ्रिजसारखंच यंत्र; दाबाखालची हवा तीन अंशांपर्यंत गार करतं, पाणी पाडतं आणि हवा परत कोमट करून पुढे सोडतं. दुसरा शोषकाचा, त्यात सिलिका जेल किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना असतो. मोठ्या दुहेरी टाकीच्या शोषक ड्रायरात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी पडायला लागतं तो अंश, उणे चाळीसपर्यंत जातो, पण शोषक परत सुकवायला ते आपलीच दाबलेली हवा खर्च करतात. शिवाय उणे चाळीस लागतो कुणाला? लाकडाच्या पॉलिशला तीन अंश भरपूर. तीन अंशांना 7 बारच्या एका घनमीटरमध्ये फक्त सहा ग्रॅम पाणी उरतं, आणि गनमधून सुटल्यावर ते आठ घनमीटरांत वाटलं जातं. इतकी कोरडी हवा गोव्यात जानेवारीतही मिळत नाही.

सिलिका जेलची छोटी बरणी स्वस्त मिळते. तिच्याबद्दल दुकानदार भरभरून बोलतात. पण गरम, ओल्या हवेपुढे ती एकटीच लावली तर जुलैत दाण्यांचा रंग बघता बघता बदलतो. दाणे साधारण 120 अंशांना भाजून परत वापरता येतात, पण निळे दाणे घरच्या ओव्हनमध्ये नेऊ नका. त्यांचा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते अंगाला चांगलं नाही. घ्यायचेच तर नारिंगी घ्या.

ड्रायर घेताना एकच प्रश्न पक्का विचारा: “हा 20 सीएफएम कोणत्या तापमानाला?” (सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा.) बरेच आकडे आत येणारी हवा 35 अंश आणि खोली 25 अंश धरून दिलेले असतात. आपल्या शेडमध्ये पत्र्याखाली 25 अंश कधी असतात? गरम हवेला तोच ड्रायर पाऊण क्षमतेवर येतो, कधी त्याच्याही खाली. एका विक्रेत्यानं हा प्रश्न ऐकून फोनच ठेवला. दुसऱ्यानं 38 अंश आत, 38 अंश बाहेर असा तक्ता व्हॉट्सॲपवर लगेच पाठवला. ऑर्डर त्यालाच दिली. आमच्या कंप्रेसरची खरी हवा 17 सीएफएमच्या आसपास आहे, तेव्हा त्या तक्त्यातला 20 चा ड्रायर पुरणार होता. ड्रायर आणि त्याच्या आधी-नंतरचे दोन फिल्टर मिळून 39,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 46,610 रुपये. पुण्याहून यायचा म्हणून आयजीएसटी लागला. बिलावर आपला जीएसटी नंबर नीट आहे ना, ते पैसे भरण्याआधी प्रोफॉर्मावरच तपासा, नाहीतर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट अडकतं. रक्कम पन्नास हजारांच्या आत असल्यानं ई-वे बिल लागलं नाही. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल निघताना. तीन ते चार आठवडे सांगितले, त्याचे सहा झाले.

हा वेळ वीजजोडणीत गेला. ड्रायर स्वतः अर्ध्या किलोवॉटहून कमीच घेतो, पण परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदारानं सगळ्या यंत्रांची बेरीज केली तेव्हा कळलं की नवीन डस्ट कलेक्टरमुळे मंजूर लोड आधीच काठावर आला होता. वाढवून घ्यायचं ठरलं. त्यात खरी मेख ही की मीटर शेडमालकांच्या नावावर. आमच्याकडे मागितलं ते असं: अर्ज, कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, भाडेकरार, मालकांचं ना हरकत पत्र, शेवटचं भरलेलं बिल आणि ओळखपत्रांच्या प्रती. वर वाढीव लोडची सुरक्षा ठेव. ना हरकत पत्रासाठी भाटकारांकडे, म्हणजे या जागामालकांकडे, गेले तर त्यांनी चहा दिला, बाबांची चौकशी केली आणि म्हणाले, “वाढीव बिल पुढे माझ्या नावावर थकणार नाही ना, बाय?” शंका रास्त होती. ठेव आम्ही भरू आणि शेड सोडताना हिशेब करू, असं भाडेकरारालाच एक पान जोडून लिहून दिलं. तोंडी बोलण्यापेक्षा हे दोघांनाही बरं. त्याच पत्रात भिंतीला पाइपांचे क्लॅम्प ठोकायची परवानगीही मागून घेतली. अर्ज दिल्यापासून मंजुरी यायला महिन्याच्या जरा वर लागलं. कंत्राटदाराची फी अडीच हजार. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या; दर वेळी चौकशी करताना तोच नंबर विचारतात.

पाइपिंग मात्र ड्रायरची वाट न बघता जुलैत करून टाकलं, आणि सबंध प्रकरणातला हा मला सगळ्यात आवडलेला भाग. फिटरमामा मूळचे बेळगावचे, साखळीत स्थायिक झालेले. ड्रायर येणार म्हटल्यावर म्हणाले, “येऊ दे की. पण पाइप नीट नसेल तर तुमचा तो फ्रिज पण रडणार.”

पाइप कोणता, यावर भाऊ आणि मी बरेच भांडलो. ॲल्युमिनियमची तयार लाइन सुंदर असते, आतून गंजत नाही, पण किंमत आमच्या आवाक्याबाहेर. पीपीआर स्वस्त आणि न गंजणारा, पण प्लास्टिक उष्णता बाहेर टाकत नाही आणि आम्हाला तर हवा गार करायची होती. शेवटी जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, घेतला. तोही वर्षानुवर्षांनी आतून गंजतो, हे माहीत असूनच घेतला. पाणी पुढे जाऊच दिलं नाही तर गंजायलाही वेळ लागतो.

आधी कंप्रेसर उचलून उत्तरेच्या बाजूला, उघड्या पडवीत नेला. पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून पत्रा पुढे काढला, पण वारा मोकळा ठेवला. मग टाकीच्या तोंडापासून भिंतीवर एक इंची पाइपाची शिडी केली: वर, खाली, वर, खाली, सहा उभे पाय, प्रत्येक साधारण दोन मीटरचा. प्रत्येक खालच्या वळणावर टी लावून खाली वीतभर पाइप आणि त्याला बॉल वॉल (दांडी फिरवून उघडायचा व्हॉल्व्ह). टाकीला आणि शिडीला जोडताना मधे रबरी होजचा तुकडा, म्हणजे कंप्रेसरच्या धक्क्यांनी सांधे सैल होत नाहीत. शिडीसमोर एक जुना पंखा. झाला आमचा आफ्टरकूलर.

तिथून बारा मीटरचा मुख्य पाइप शेडच्या लांबीनं वरून नेला. मामांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून भिंतीवर खुणा करत गेले. शंभराला एक असा उतार, म्हणजे बारा मीटरला बारा सेंटीमीटर, आणि उतार कंप्रेसरपासून लांब. पाणी आणि हवा एकाच दिशेनं जातात, म्हणून ते परत मागे येऊन साचत नाही. दर टोकाला, जिथे गन जोडायची, तिथे जोडणी मुख्य पाइपाच्या खालून न घेता वरून घेतली: आधी वर, मग बाकदार वळण घेऊन खाली, हंसाच्या मानेगत. पाणी पाइपाच्या तळातून वाहत पुढे जातं, वरून फक्त हवा उतरते. उतरत्या पाइपाला कमरेच्या उंचीवर गनची जोडणी, आणि पाइप तिथे न थांबवता आणखी फूटभर खाली नेऊन टोकाला बॉल वॉल. तरीही चुकून उतरलेलं पाणी त्या शेपटीत थांबतं, गनमध्ये जात नाही. मुख्य पाइपाच्या शेवटच्या टोकालाही तसाच एक.

मामांनी सांध्यांना टेफ्लॉन लावताना पहिले दोन आटे मोकळे ठेवले, नाहीतर टेपचे तुकडे आत सुटून गनच्या नोझलपर्यंत पोचतात. शेवटी सगळ्या लाइनला साबणाचं पाणी लावलं, दोन सांधे फुगे काढत होते, ते आवळले. रात्री दाब भरून ठेवला आणि सकाळी काटा पाहिला. साहित्य साडेअठरा हजार, मजुरी नऊ हजार.

दुसऱ्या दिवशी सँडर मुद्दाम तासभर चालवला. शिडीचा पहिला पाय हात न ठेववेल इतका गरम, चौथा कोमट, सहावा भिंतीइतकाच. खालचे वॉल उघडले तर पहिल्यातून जवळपास काहीच नाही आणि तिसऱ्या-चौथ्यातून पाणी धारेनं. काच घेतली, हवा मारली. कोरडी. ड्रायर तेव्हा पुण्यातून निघालाही नव्हता.

यामागचं कारण आतेभावानं फोनवर सांगितलं. हवा खोलीच्या तापमानाला आणून तिच्यातलं पाणी काढून टाकलं, की 7 बारवर ती अगदी काठोकाठ भरलेली असते. पण गनजवळचा रेग्युलेटर ती दोन बारवर आणतो, हवा फुगते आणि तेवढीच वाफ जास्त जागेत पसरते. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली जाते. म्हणून रेग्युलेटरच्या आधीच पाणी धरलं पाहिजे, पुढे मग आपोआप सूट मिळते.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. तुमच्याकडे फक्त खिळ्यांच्या गन, इम्पॅक्ट रेंच, टायरमध्ये हवा भरणं एवढंच असेल, तर ड्रायरवर पैसे घालू नका. पाइपाची शिडी, उतार, शेपट्या आणि टाकीला ऑटो ड्रेन (पाणी आपोआप सोडणारा वॉल) एवढ्यावर भागेल. टाकीला आम्ही टायमरवाला सोलेनॉइड ड्रेन लावला, एकोणीसशे रुपये. दर काही मिनिटांनी दोन-चार सेकंद उघडतो. त्याच्या आधी जाळीचा छोटा गाळणा हवाच, नाहीतर टाकीतला गंज वॉलमध्ये अडकून तो रात्रभर सुसकारे टाकत बसतो. ड्रायर लागतो तो पांढऱ्या, चकचकीत पीयूसाठी, आणि चवथीआधीच्या (गणेशचतुर्थीआधीच्या) दिवसांत, जेव्हा कंप्रेसरला उसंतच मिळत नाही आणि शिडीसुद्धा तापते.

ड्रायर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. वाहतूक अठराशे. खोका आडवा टाकूनच आणला होता. ट्रान्सपोर्टच्या पावतीवर सही करण्याआधी खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि “आडवा आला” असं पावतीवर लिहिलं. फ्रिजसारखंच, असं यंत्र आडवं आलं तर लगेच चालू करायचं नसतं. उभं करून आम्ही ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं, म्हणजे आतलं तेल आपल्या जागी परत येतं. चालू झाला, नशीब.

जोडणी अशी: शिडी, मग पहिला फिल्टर, ड्रायर, मग बारीक तेलाचा फिल्टर, आणि तिथून पॉलिशची वेगळी लाइन. खिळ्यांच्या गनांची लाइन ड्रायरच्या आधीच फोडून घेतली, कारण तिथे तेल टाकायचं असतं आणि एवढ्या कोरड्या हवेची गरजही नसते. ड्रायरला तीन वॉलचा बायपास ठेवला. पावसात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि वीज येते-जाते तेव्हा ड्रायर लगोलग चालू-बंद झाला तर त्याचा कंप्रेसर बसतो. आम्ही त्याला फ्रिजला लावतात तसा, वीज आल्यावर काही मिनिटं थांबणारा स्टॅबिलायझर लावला. सकाळी आधी ड्रायर, दहा मिनिटांनी कंप्रेसर. हे फळ्यावर लिहून ठेवलंय, कारण रोज कुणीतरी उलटं करतंच.

ड्रायरच्या नळीतून निघणारं पाणी पहिल्या दिवशी पॉलिशवाला गटारात सोडायला निघाला होता. त्यात कंप्रेसरचं तेल असतं, आणि शेडमागे भाटकारांची विहीर आहे. आता ते एका ड्रममध्ये जमा होतं. तेल वर आलं की काढून वापरलेल्या तेलाच्या कॅनमध्ये.

2025 ची चवथ 27 ऑगस्टला होती. गोव्यात कुठल्याही सुताराला विचारा, ऑगस्ट म्हणजे काय. कुणाचा देव्हारा, कुणाचं दार, कुणाला माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट बदलून हवी, आणि सगळ्यांना चवथीच्या आधी. त्या दोन-अडीच आठवड्यांत गनमधून एकदाही थेंब आला नाही.

पण एक दिवस सागवानी दारावर लॅकर पांढरट पडलं, दुधाचा हात फिरवल्यासारखं, आणि भाऊ थेट ड्रायरवर घसरला. काच कोरडीच होती. पॉलिशवाल्यानं बरोबर ओळखलं: बाहेर धो धो पाऊस, थिनर पटकन उडणारा; तो उडताना पृष्ठभाग गार करतो आणि खोलीतल्याच हवेतली वाफ त्यावर बसते. लाइन कितीही कोरडी असो, हे थांबत नाही. सावकाश उडणारा थिनर घातला, बूथचं दार लावून दोन हॅलोजन दिवे लावले आणि दार पुन्हा मारलं. फरक लक्षात ठेवा: ठिपके, खड्डे, बुडबुडे दिसले की लाइन तपासा, सगळीकडे सारखा पांढरटपणा दिसला की आभाळ.

वीजजोडणीची ठेव सोडून एकूण खर्च ऐंशी हजारांच्या थोडा वर गेला. फक्त शिडी, पाइप आणि ऑटो ड्रेन म्हटलं तर तीस हजारांच्या आत. पहिला फिल्टर ऑक्टोबरात उघडला तेव्हा त्याचा गाभा तपकिरी झाला होता. विक्रेता वर्षाला एक सांगतो, मी पावसाळ्यानंतर दर वेळी बदलणार आहे. सुटा गाभा मागवताना फिल्टरच्या बाजूचा नंबर फोटो काढून पाठवा, नुसतं “वीस सीएफएमचा” म्हटलं तर हमखास चुकीचा येतो.

टाकीचं एक काम उरलंय. मामांनी जाता जाता टाकीच्या पोटाखाली हातोडीच्या दांड्यानं टकटक करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. आधीच्या भाडेकरूकडे ती किती वर्षं पाण्यानं भरलेली होती कोण जाणे. पत्रा आतून किती खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही. तिची जाडी मोजून घ्यायची आणि पाणी भरून, कामाच्या साधारण दीडपट दाबावर तपासून घ्यायची. हवा भरून ही चाचणी कुणी करू म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. तोपर्यंत दाबाचा कट-ऑफ 8 वरून 7 बारवर आणलाय, सेफ्टी वॉल नवा बसवलाय, आणि टाकीच्या बाजूनं कामाची वाट बंद करून तिथे फळ्या रचल्यात.